शाळेची इयत्ता आणि आरोग्याची समज: गावात हे नातं कसं तपासायचं आणि त्यावर काम कसं करायचं

शिक्षण वाढलं की आरोग्याची समज वाढते, हे खरं. पण गावात काम करणाऱ्याला या वाक्याचा फारसा उपयोग नाही. समोर बसलेल्या साठीच्या बाईला तुम्ही परत चौथीत घालू शकत नाही आणि तिची रक्तदाबाची गोळी तर आजच सुरू व्हायची आहे. कामाचा प्रश्न वेगळा आहे: शाळेतून नेमकं काय मिळतं ज्यामुळे पुढे औषध बरोबर घेतलं जातं, मूल वेळेवर दवाखान्यात पोचतं, अफवेवर विश्वास बसत नाही? आणि ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांच्यापर्यंत तेच दुसऱ्या वाटेनं कसं पोचवायचं?

हा लेख गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्ते, शिक्षक, स्वयंसेवी संस्थांतली माणसं आणि या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. पाहणी कशी करायची, आकडे कसे वाचायचे आणि नंतर काय बदलायचं, या क्रमानं जाऊ.

आधी नातं समजून घ्या

आकड्यांत हे नातं ठळक दिसतं. अमेरिकेत २००३ साली प्रौढांच्या साक्षरतेची राष्ट्रीय पाहणी झाली, तेव्हा शालेय शिक्षण पूर्ण न केलेल्यांपैकी ४९ टक्के लोक आरोग्य साक्षरतेच्या, म्हणजे आरोग्याची माहिती समजून वापरण्याच्या क्षमतेच्या, सर्वांत खालच्या पातळीवर होते. पदवीधरांत हे प्रमाण ३ टक्के होतं. जगभरच्या आकडेवारीचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १९७० ते २००९ या काळात पाच वर्षांखालच्या मुलांचे जितके मृत्यू टळले, त्यांतल्या निम्म्यांचं श्रेय त्या अभ्यासानं स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाला दिलं.

पण हे घडतं कसं? शाळेत कुणी ताप उतरवायला शिकवत नाही. मोरोक्कोतल्या घरांची माहिती तपासून अर्थतज्ज्ञ पॉल ग्लेव्ह यांनी १९९९ मध्ये दाखवलं की मुलांच्या तब्येतीवर परिणाम करते ती आईची आरोग्यविषयक माहिती, आणि ती थेट वर्गात मिळालेली नसते. शाळेत वाचायला आणि मोजायला आलं, त्याच्या जोरावर ती पुढे बाहेरून गोळा केलेली असते. त्याआधी १९९१ मध्ये ब्राझीलवरच्या अभ्यासात आईच्या शिक्षणाचा जवळजवळ सगळा परिणाम वर्तमानपत्र, रेडिओ आणि टीव्ही यांतून माहिती मिळवण्याच्या सवयीत सापडला होता. नायजेरियात काम केलेले लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये आणखी एक धागा पुढे आणला. शिकलेली आई डॉक्टरशी आणि नर्सशी जास्त धीटपणे बोलते, तिचं ऐकून घेतलं जातं आणि घरातही मुलाच्या आजारपणात तिच्या शब्दाला वजन येतं.

म्हणजे शाळा तीन गोष्टी देते: वाचन, आकड्यांची सवय आणि अनोळखी, अधिकाराच्या माणसासमोर तोंड उघडण्याची हिंमत. माझ्या मते तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि पाहण्यांमध्ये नेमकी तीच राहून जाते.

आरोग्य साक्षरतेची व्याख्याही हाताशी असू द्या. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० मध्ये तिचे तीन थर मांडले: माहिती वाचून समजणं, संवादातून ती मिळवून वापरणं, आणि तिच्याकडे चिकित्सकपणे पाहणं. युरोपातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये त्याला चार क्रियापदांचं रूप दिलं: माहिती मिळवणं, समजणं, पारखणं, वापरणं. गावातल्या कामाला ही चार क्रियापदं फार सोयीची पडतात, कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. ‘मिळवणं’ बहुतेक वेळा अंतरामुळे अडतं, त्याचा इयत्तेशी फार संबंध नसतो. ‘समजणं’ इयत्तेवर बरंच अवलंबून असतं. ‘पारखणं’ मात्र शिकलेल्यांनाही अनेकदा जमत नाही.

पायरी १: शिक्षणाची नोंद एका रकान्यात संपवू नका

‘निरक्षर, प्राथमिक, माध्यमिक, पदवी’ असा एकच रकाना भरून बहुतेक पाहण्या पुढे जातात. त्यातून फार थोडं कळतं. सातवीत शाळा सोडून तीस वर्षांत काहीही न वाचलेला माणूस आणि सातवीनंतर रोज हिशेबाची वही लिहिणारा माणूस या रकान्यात शेजारी शेजारी बसतात.

किमान चार गोष्टी नोंदवा. एक, शाळेत पूर्ण केलेली वर्षं. दोन, शाळा सोडून किती वर्षं झाली. तीन, आज वाचता येतं का. हे विचारायचं नाही, बघायचं: मोठ्या अक्षरात एक साधं वाक्य छापलेलं कार्ड हातात द्या आणि पूर्ण वाचलं, थोडं वाचलं की अजिबात नाही, एवढंच लिहा. अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या आणि आरोग्य पाहण्यांमध्येही असंच वाक्याचं कार्ड वापरतात. डोळ्यांची अडचण असेल तर ती वेगळी नोंदवा, नाहीतर चष्म्याचा प्रश्न शिक्षणाच्या खात्यात जमा होईल.

चौथी गोष्ट घराची: या घरात रोज राहणाऱ्यांपैकी कुणाला वाचता येतं? अर्थतज्ज्ञ कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर यांनी १९९८ मध्ये हा मुद्दा मांडला. ज्याच्या घरात एक तरी साक्षर आहे असा निरक्षर आणि ज्याच्या घरात कुणीच साक्षर नाही असा निरक्षर, यांची स्थिती सारखी नसते. पहिल्याला औषधाच्या चिठ्ठीवरचं वाचून दाखवणारं माणूस घरातच असतं. दुसऱ्याला शेजाऱ्याच्या दारात जावं लागतं आणि दुखणं खासगी असेल तर तो जातच नाही. गावात ही दुसऱ्या प्रकारची घरं आधी शोधा. पुढचं बरंचसं काम तिथंच आहे.

पायरी २: वाचून नको, करून दाखवायला सांगा

आरोग्य साक्षरता मोजायची तयार साधनं बरीच आहेत. त्यांतली बरीच इंग्रजीत जन्मलेली आहेत आणि जशीच्या तशी उचलली की फसवतात. एका जुन्या, गाजलेल्या चाचणीत माणसाला ६६ वैद्यकीय शब्द मोठ्यानं वाचायला देतात. इंग्रजीत हे चालतं, कारण शब्द ओळखीचा नसेल तर उच्चार चुकतो. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचलं जातं. ‘मूत्रपिंड’ हा शब्द चौथीतलं पोरगं खणखणीत वाचेल आणि ते शरीरात कुठं असतं हे त्याला ठाऊक नसेल. स्पॅनिश भाषेतही हीच अडचण आली होती, म्हणून २००६ मध्ये तिथं नवी चाचणी तयार झाली. तीत ५० शब्दांपैकी प्रत्येक शब्द वाचून झाल्यावर त्याच्याशी अर्थानं जोडलेला शब्दही निवडावा लागतो.

दुसरा प्रकार स्वतःचं मत विचारणाऱ्या प्रश्नावल्यांचा. युरोपीय प्रश्नावलीत ४७ प्रश्न आहेत: अमुक गोष्ट तुम्हाला सोपी वाटते की अवघड? आठ देशांत ती वापरली तेव्हा जवळपास निम्म्या लोकांची आरोग्य साक्षरता अपुरी किंवा अडचणीची निघाली. प्रश्नावली चांगली आहे, पण गावात एक पेच येतो. ज्यानं औषधाची माहितीपत्रिका कधी उघडलीच नाही, तो बिनदिक्कत ‘सोपं आहे’ म्हणतो. जो वाचायचा प्रयत्न करतो, त्यालाच ती अवघड वाटते.

म्हणून कृती करून घ्या. वाचता येत असो वा नसो, प्रत्येकाला त्याच वस्तू हातात द्यायच्या आणि करायला सांगायचं. चार-पाच कृती पुरतात.

पहिली, गोळ्यांची. ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ असं सांगा आणि समोर खोट्या गोळ्यांची वाटी ठेवा. “एका दिवसाच्या गोळ्या काढून दाखवा.” अमेरिकेतल्या तीन शहरांतल्या ३९५ रुग्णांवर केलेला असा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन कच्चं असलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के रुग्णांनी ही सूचना बरोबर वाचली, पण दिवसाच्या चार गोळ्या काढून दाखवू शकले ते फक्त ३५ टक्के. वाचणं आणि करणं यांत केवढी दरी असते ते या दोन आकड्यांत दिसतं. दोनदा ‘दोन’ ऐकून माणूस दोनच गोळ्या काढतो.

दुसरी, जलसंजीवनीची. पाकीट, लिटरचं भांडं आणि एक पेला ठेवा आणि ‘तयार करा’ म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे २०.५ ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात जाते. बघा, माणूस सगळं पाकीट पेल्यात ओततो का. तसं केलं तर द्रावण घातक इतकं तीव्र होतं. घरी करायचं द्रावण विचारलं तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्यानं साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा. ‘सपाट’ या शब्दावर लक्ष ठेवा. सगळे शिगोशीग भरतात, शिकलेलेसुद्धा.

तिसरी कृती मुदतीची: औषधाचं पाकीट देऊन ‘हे अजून चालेल का’ विचारा. बनवल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांची गल्लत फार होते. चौथी, पुढच्या भेटीची: आजपासून तीन आठवड्यांनी कोणता वार, कोणती तारीख. पाचवी पारखण्याची: मोबाइलवर फिरणारा असावा तसा एक संदेश वाचून दाखवा आणि विचारा, “हे खरं आहे की नाही हे तुम्ही कुणाला विचाराल? का त्यालाच?” उत्तरापेक्षा कारण लिहून घ्या.

धीटपणा मोजायला एकच प्रश्न पुरतो: “मागच्या वेळी दवाखान्यात काही समजलं नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत?”

पायरी ३: लाज सांभाळा

ही पायरी चुकली तर वरचं सगळं वाया जातं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वाचायला अडचण येते असं कबूल करणाऱ्या कमी साक्षर रुग्णांपैकी ६७ टक्के लोकांनी ती अडचण स्वतःच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही कधी सांगितलेली नव्हती. जे जोडीदाराला सांगितलं नाही, ते वही घेऊन आलेल्या पाहुण्याला कोण सांगेल?

‘तुम्हाला वाचता येतं का’ हा प्रश्न टाळा. ‘दवाखान्याचे कागद वाचताना कुणाची मदत किती वेळा लागते’ असं विचारा. त्यात मदत घेणं हे गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे उत्तर मोकळं येतं. सून, मुलगा, शेजारी यांच्यासमोर विचारू नका. ‘चष्मा घरी राहिला’, ‘नंतर निवांत वाचतो’, ‘मुलगा आला की बघेल’ ही वाक्यं ऐकली की पुढे रेटू नका, नुसती खूण करा. कृती करायला देताना परीक्षेचा सूर नको. “हे पाकीट लोकांना नीट कळतं का ते आम्ही तपासतोय,” असं सांगा. ते खरंही आहे.

परवानगी घ्या, नावाऐवजी क्रमांक लिहा आणि कृती चुकली तर निघण्यापूर्वी बरोबर रीत दाखवूनच उठा. चुकीचं द्रावण करणाऱ्या आईला तसंच सोडून येणं ही पाहणी नव्हे.

पायरी ४: तक्ता वाचताना घाई करू नका

शंभराच्या आसपास माणसं झाली की तक्ता मांडा: आडवे शिक्षणाचे गट, उभ्या कृती. चढ दिसेलच. पण लगेच ‘शिक्षणामुळे’ असं लिहू नका. गावात कमी शिकलेले लोक बहुधा वयानंही मोठे असतात, त्यांत स्त्रिया जास्त असतात, गरिबीही जास्त असते आणि काहींची घरची बोली दवाखान्याच्या भाषेपेक्षा वेगळी असते. निदान वयाचे दोन भाग करून तोच तक्ता पुन्हा मांडा. पन्नाशीच्या आतल्यांमध्येही चढ तसाच राहिला, तर शिक्षणाबद्दल काही बोलता येईल. एखाद्या गटात सात-आठच माणसं असतील तर टक्केवारी काढू नका, सरळ ‘आठांपैकी तीन’ लिहा.

मग तक्त्याचे दोन कोपरे बघा. खरा ऐवज तिथं असतो.

पहिला कोपरा: शाळा नाही, पण कृती सगळ्या बरोबर. अशी माणसं प्रत्येक गावात सापडतात. कुणी बाळंतपणं केलेली असते, कुणी वर्षानुवर्षं आजारी नवऱ्याची औषधं सांभाळलेली असतात. त्यांनी गोळ्या लक्षात ठेवायची स्वतःची रीत काढलेली असते. ती विचारा आणि जशीच्या तशी लिहून घ्या. व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेरी आणि मोनिक स्टर्निन यांनी मुलांच्या कुपोषणावरचं काम याच पद्धतीनं उभं केलं: तितक्याच गरीब घरांतली जी मुलं धडधाकट होती, त्यांच्या घरी वेगळं काय होतं हे शोधायचं आणि बाकीच्यांनी ते त्यांच्याकडूनच शिकायचं.

दुसरा कोपरा: शिक्षण भरपूर, पण पारखण्यात नापास. उरलेली प्रतिजैविकं पुढच्या तापाला वापरणारे, मोबाइलवरचा संदेश डोळे मिटून पुढे ढकलणारे इथं भेटतात. गावात त्यांचा शब्द चालतो, म्हणून त्यांची चूक दूर जाते. आरोग्य शिक्षणाच्या कार्यक्रमांत या मंडळींना कुणी बोलावत नाही, कारण ‘त्यांना सगळं माहीत असतं’.

पायरी ५: माणसाला नाही, आधी सूचनेला सुधारा

तक्ता हातात आला की पहिला मोह होतो वर्ग भरवण्याचा. थांबा. ज्या कृतीत सगळेच गट चुकले, तिथं सूचना वाईट आहे. ‘दिवसातून दोनदा दोन’ ऐवजी ‘सकाळी २, रात्री २’ असं लिहिलं की समज सुधारते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. ‘जेवणानंतर’ म्हणजे नेमकं कधी, ‘गरज पडल्यास’ म्हणजे काय झाल्यावर, ‘भरपूर पाणी’ म्हणजे किती भांडी, हे स्पष्ट करा. टक्के सांगू नका. ‘दहा जणांपैकी दोघांना’ असं सांगा.

चित्रांबद्दल एक सावधगिरी. वाचता येत नाही म्हणजे चित्र आपोआप कळतं, हा गैरसमज आहे. चित्र वाचायलाही सराव लागतो. बाण, फुली, डावीकडून उजवीकडे जाणारा क्रम या सगळ्या शाळेत लागलेल्या सवयी आहेत. सुरक्षा चिन्हांच्या अमेरिकी मानकात चिन्ह स्वीकारण्यासाठी ८५ टक्के लोकांना ते कळायला हवं, अशी अट आहे. तुमचं चित्र छापण्यापूर्वी दहा-पंधरा कमी शिकलेल्यांना दाखवा आणि “यात काय चाललंय?” एवढंच विचारा. आधी सुचवू नका.

पायरी ६: उलट सांगायला लावा

एकच सवय लावून घ्यायची असेल तर ही. रुग्ण वैद्यकीय माहितीचा ४० ते ८० टक्के भाग लगेच विसरतात आणि जे आठवतं त्यातलं जवळपास निम्मं चुकीचं असतं, असा एका आढाव्याचा निष्कर्ष आहे. २००३ मधल्या मधुमेहाच्या एका अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाला काय समजलं हे तपासलं, ते सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के गोष्टींबाबत. जिथं तपासलं गेलं, तिथल्या रुग्णांची साखर आटोक्यात असण्याची शक्यता जास्त दिसली.

‘समजलं ना?’ हा प्रश्न बंद करा. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च असतं. असं बोला:

“आजी, माझं सांगणं कधी कधी घाईत होतं. घरी सुनेला या गोळीबद्दल काय सांगाल, ते मला सांगा बरं.”

“सकाळी एक घ्यायची.”

“बरं. आणि एखाद्या सकाळी बरं वाटलं तर?”

“मग कशाला घ्यायची?”

हे शेवटचं उत्तर ‘समजलं ना’ विचारून कधीच बाहेर आलं नसतं. आता पुन्हा सांगायचं, पण तेच वाक्य मोठ्यानं म्हणायचं नाही. वेगळ्या शब्दांत सांगायचं: बरं वाटतंय ते गोळीमुळेच वाटतंय. मग पुन्हा विचारायचं. एका भेटीत दोन किंवा तीनच गोष्टी घ्या. हे शिकलेल्यांनाही विचारा. कुणाला समजलं नसेल हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, आणि फक्त काहींनाच विचारलं तर त्यांना ते टोचतं.

पायरी ७: एकट्याला नको, गटात

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेनं १९८० ते १९९० या दशकात एक कोटीहून अधिक घरांत जाऊन आयांना मीठ, गूळ आणि पाण्याचं द्रावण करायला शिकवलं. त्यांतल्या बहुसंख्य आयांना वाचता येत नव्हतं. शिकवण दहा मुद्द्यांत बसवलेली, मापं हाताची: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. आणि युक्ती अशी की शिकवणारीचा मोबदला नंतर जाऊन आयांना विचारल्यावर त्यांना काय आठवतं यावर ठरायचा. सुरुवातीला मात्र बायका शिकल्या तरी द्रावण फारसं वापरेनात. तेव्हा लक्षात आलं की शिकवणाऱ्या मुलींचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता आणि घरच्या पुरुषांशी कुणी बोललंच नव्हतं. दोन्ही दुरुस्त केल्यावर वापर वाढला.

नेपाळच्या मकवानपूर जिल्ह्यात महिला गटांनी दरमहा बसून स्वतःचे प्रश्न ओळखायचे आणि उपाय ठरवायचे, असा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००४ मध्ये आला: नवजात मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी. झारखंड आणि ओडिशात एकजुट संस्थेनं चित्रकार्डं, गोष्टी आणि खेळ वापरून तसंच काम केलं, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले आणि घट तितकीच भरली. या बायकांची इयत्ता बदलली नव्हती. शाळेतून जी तिसरी गोष्ट मिळते, तोंड उघडण्याची हिंमत, ती त्यांना गटातून मिळाली.

तुमचा गट भरवताना तक्त्याच्या पहिल्या कोपऱ्यातल्या, शाळा नसूनही सगळं बरोबर करणाऱ्या बाईला बोलतं करा, व्याख्यात्याला नको. आणि घरात निर्णय घेणारी माणसं, मग ती सासू असो की नवरा, महिन्यातून एकदा तरी त्याच विषयावर बसवा.

पायरी ८: तीच कृती, तीच माणसं, काही महिन्यांनी

पुन्हा मोजताना एकूण सरासरी आधी बघू नका. टिचेनर, डोनोह्यू आणि ओलियन या अमेरिकी संशोधकांनी १९७० मध्येच दाखवून दिलं होतं की समाजात नवी माहिती सोडली की ती शिकलेल्यांपर्यंत लवकर पोचते आणि त्यामुळे दरी उलट रुंदावते. तुमच्या कार्यक्रमाचंही असं होऊ शकतं: सरासरी वाढलेली आणि तक्त्याची सर्वांत खालची ओळ तिथंच.

म्हणून दोनच आकडे शेजारी लिहा: सर्वांत कमी शिकलेल्या गटात आधी किती जणांनी गोळ्या बरोबर काढल्या आणि आता किती जणांनी. ज्या घरांत कुणालाच वाचता येत नाही त्यांचा हिशेब वेगळा ठेवा. तिथं काही हललं नसेल तर नवीन भित्तिपत्रक छापायला देऊ नका. त्यांतल्या चार-पाच घरी जा, वाटीत गोळ्या ठेवा, आणि हात नेमका कुठं थबकतो ते बघून पायरी ५ पासून पुन्हा सुरुवात करा.